सात भोकांचा ट्रेलर

माझा मामा कुणाच्याही घरी गेला की आधी माणसांना भेटत नाही, फाटकाला भेटतो. बिजागरीवरून बोट फिरवतो, खालची पट्टी नखानं खरवडतो आणि मग आत येऊन पाणी पितो. माझ्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा एका घरी सगळे दिवाणखान्यात बसून मुलाच्या नोकरीची चौकशी करत होते आणि मामा बाहेर फाटकापाशी उकिडवा बसला होता. परतताना गाडीत म्हणाला, "फाटकाला खालून रंग नाही. जिथं दिसत नाही तिथं हे लोक काम करत नाहीत." ते स्थळ पुढं भलत्याच कारणानं बारगळलं, पण श्रेय मामानं घेतलं ते घेतलंच. शेवटी माझं लग्न झालं ते चौथ्या मजल्यावरच्या घरात. तिथं फाटकच नव्हतं, म्हणून नवरा वाचला.

मामाला सगळे प्रायमर म्हणतात. भिंत रंगवायची असो की मुलाला शाळेत घालायचं असो, कुणी काहीही विचारलं की त्याचं उत्तर "आधी प्रायमर" इथून सुरू होतं. त्याचं आयुष्य नदीवरचा लोखंडी पूल रंगवण्यात गेलं. या टोकापासून रंगवत त्या टोकाला पोचायला चार वर्षं लागायची, तोवर पहिलं टोक गंजायला लागलेलं असायचं, की चला पुन्हा मागं. अशा सात खेपा त्यानं पुऱ्या केल्या, आठवी अर्धी राहिली. पहिल्याच दिवशी मुकादमानं त्याला एक मंत्र दिला होता. भोक दिसलं की बुजव, पाण्याला बसायला जागा देऊ नकोस. मामानं तो एकतीस वर्षं पाळला, आणि निवृत्त झाल्यावरही सोडला नाही.

पाच वर्षांपूर्वी मामी गेली. आई त्याची थोरली बहीण. ती जाऊन त्याला घेऊन आली, आमच्या रोपवाटिकेच्या मागच्या खोलीत. दोन ट्रंका घेऊन आला, एकीत कपडे आणि दुसरीत ब्रश. आईनं जेवायला बोलावलं तर यायचा, नाही बोलावलं तर यायचा नाही. असे दोन महिने गेले. मग एका सकाळी आम्हाला मागून खर्र खर्र आवाज आला. मामा आमची एकचाकी हातगाडी उलटी टाकून तारेच्या ब्रशनं तिचा गंज काढत बसला होता. आई पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि त्याला न विचारता चहा टाकला.

तेव्हापासून पाऊस संपला की आमच्याकडे रंगाचा आठवडा असतो. आमचा धंदा रोपं विकायचा आणि लोकांच्या हिरवळी राखायचा. रोपं आई बघते. मी गाडी चालवते, गवत कापते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. ओलं गवत, खत, माती यांत राबणारं लोखंड किती दिवस टिकणार? गवत कापायच्या यंत्राच्या पोटाला चिकटलेला हिरवा चोथा एका महिन्यात पत्रा खातो. मामा हे सगळं अंगणात मांडतो: दोन यंत्रं, रोलर, हातगाड्या, आणि सगळ्यांत मोठा आमचा ट्रेलर. आधी धुणं, मग दोन दिवस उन्हात वाळवणं. मग तारेचा ब्रश, मग पॉलिशपेपर, मग थिनरच्या फडक्यानं पुसणं. पुसलेल्या लोखंडाला त्यानंतर कुणी बोट लावलं तर त्याची शंभर वर्षं भरली. बोटाला तेल असतं, तेलावर रंग धरत नाही, हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. मग लाल प्रायमर, एक दिवस थांबणं, आणि वर गडद हिरव्या रंगाचे दोन हात. मदतीला कुणी नको, आणि काम झाल्यावर कुणी तपासलेलंही नको. तपासायचं म्हटलं की त्याच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा.

हळूहळू आजूबाजूचे लोकही बोलवायला लागले. शाळेचा झोपाळा, डॉक्टरीणबाईंचं फाटक, बागेतल्या खुर्च्या. मामाच्या पाठीला बाक आला होता तो काही गेला नाही, पण सकाळी खोलीतून शीळ ऐकू यायला लागली. आई म्हणायची, माझा भाऊ मला परत मिळाला. ती असलं काही सहसा बोलत नाही, म्हणून लक्षात राहिलं.

आणि गेल्या वर्षी ट्रेलर मोडला.

मातीची पोती भरून मी चढावर हळूहळू चालले होते. मागून कण्हल्यासारखा आवाज आला आणि गाडी हिसका खाऊन थांबली. उतरून बघते तर ट्रेलरचा पुढचा दांडा, जो गाडीला जोडलेला असतो, तो मधूनच वाकून रस्त्याला टेकला होता. कुणाला लागलं नाही, चार पोती फुटली एवढंच. पण मला काही कळेना, कारण चार महिन्यांपूर्वी रंगवलेला दांडा वरून नवरीसारखा चकचकीत होता. गंजाचा एक ठिपका दाखवा आणि बक्षीस न्या.

वेल्डरनं दांडा कापला आणि आतून काळपट लाल पाणी भळाभळा बाहेर आलं. एक बादली भरेल एवढं. पाठोपाठ गंजाचे पापुद्रे. चौकोनी पाइप बाहेरून धडधाकट होता आणि आतून पुठ्ठ्याएवढा उरला होता. वेल्डरनं पाइप उलटा केला, खालच्या बाजूला छिन्नी मारली, आणि रंगाखालून लांबीचा, म्हणजे भेगा भरायच्या पुट्टीचा, एक गोल गोळा निघाला. मग दुसरा. मग तिसरा. पोकळ पाइपाला खालून भोकं ठेवलेली असतात, वरून फळ्यांच्या बोल्टांतून शिरलेलं पाणी गळून जावं म्हणून. मामानं सगळ्या सांगाड्याची ती सातही भोकं लांबी भरून, घासून, वर प्रायमर मारून इतकी सफाईनं बुजवली होती की ती कधी होती हेही कळू नये. अति तिथं माती म्हणतात ते असं. पुलाच्या लोखंडाला पोट नव्हतं, आमच्या ट्रेलरला होतं, आणि हे त्याला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," वेल्डर म्हणाला. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

आईनं तिथल्या तिथं फर्मान काढलं की मामाला हे कळता कामा नये. जास्त वजनानं दांडा वाकला असं सांगायचं. वेल्डर नवा सांगाडा बनवेल, मामा तो रंगवेल आणि सवयीनं भोकं बुजवेल. मग मामाला दोन तास कुठंतरी पाठवायचं आणि वेल्डरनं येऊन ती गुपचूप पुन्हा पाडायची. दरवर्षी. मी विचारलं, हे कधीपर्यंत चालायचं? आई म्हणाली, तो आहे तोपर्यंत. वेल्डर बिचारा मान खाली घालून हातमोजे चाचपत होता.

माझा स्वभाव तिखट, आणि हे काही माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हटलं, ट्रेलरचं ठीक आहे, पण शाळेच्या झोपाळ्याचे पायही पोकळच आहेत, त्यावर पोरं बसतात, तिथं कुणाला पाठवणार?  आई इतकंच म्हणाली, "त्याच्याकडे आता तेवढं एकच उरलंय गं. ते काढून घेऊ नकोस."  कापलेला तुकडा आईनं खताच्या पोत्यांमागं लपवला आणि आम्ही दोघी मामासमोर वजनाच्या गप्पा मारल्या. त्यानं ते ऐकून मलाच झापलं, की लोखंडालाही जीव असतो, त्याच्यावर एवढं लादायचं नसतं.

पंधरा दिवसांनी नवा सांगाडा आला. मामानं तो धुतला, घासला, पुसला. आई रोपं पोचवायला गेली होती, मी कुंड्या भरत होते. मामानं पाटीवर लांबी मळायला घेतली आणि शीळ घालत ट्रेलरखाली सरकला. मला त्याचे पाय दिसत होते. कुणी जाब विचारला असता तर मी पटवून सांगितलं असतं की शाळेच्या झोपाळ्यासाठी बोलले, पण खरं सांगायचं तर मला ते पाय बघवेनात.

"मामा, ते बुजवू नकोस."

"का?"

"त्यातून पाणी जायचं असतं."

तो खालूनच हसला. "पाणी जायला आधी आत यावं लागतं. माझ्या रंगातून येत नाही."

नीट समजावून सांगायचे दोन-तीन प्रकार मी मनात घोळवून ठेवले होते. तोंडातून नेमकं चौथंच आलं. "बोल्टांतून येतं. जुना ट्रेलर वजनानं गेला नाही मामा. आतून सडला. तू भोकं बुजवलीस म्हणून."

शीळ थांबली. तो सरपटत बाहेर आला, लांबीचं पातं पाटीवर ठेवलं आणि हात पुसले. मी पोत्यांमागून तुकडा काढून दिला. त्यानं तो उजेडात धरला, आत बोट घातलं, पापुद्रा काढून चिमटीत चुरडला. मग विचारलं, हे कुणाकुणाला माहीत आहे? मी म्हटलं, आईला, मला आणि वेल्डरला.

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना," तो म्हणाला आणि खोलीत गेला.

त्यानंतरचे अकरा दिवस मी विसरायचे म्हटले तरी विसरणार नाही. मामा जेवायला यायचा, विचारलं तेवढं बोलायचा आणि जायचा. लांबी पाटीवर दगड झाली. प्रायमरमध्ये बुडवलेला ब्रश तसाच वाळून लाकूड झाला. मामाचा ब्रश न धुता राहिलेला मी जन्मात पाहिला नव्हता. आई माझ्याशी एकच वाक्य बोलली, "झालं तुझं समाधान?" आणि झालं नव्हतं. मला स्वतःचा राग येत होता, आईचा येत होता, पुलावरच्या त्या जुन्या मुकादमाचाही येत होता. एकदा मी धीर करून मामाच्या खोलीत डोकावले. तो खाटेवर बसून दोन्ही तळहात बघत होता. मी पाऊल न वाजवता मागं फिरले, आणि कुंड्यांच्या ओळीआड उभी राहून पोटभर रडले.

बाराव्या दिवशी सकाळी मी गाडी काढायला गेले तर मामा गाडीपाशी उभा. हातात जुनं हातानं फिरवायचं ड्रिल, खिशात तेलाची बाटली, काखेत प्रायमरचा छोटा डबा. म्हणाला, "शाळेत चल. झोपाळा आधी." मी विचारलं, आणि नंतर? त्यानं बोटांवर मोजत सगळ्या वस्तू पाठ म्हणून दाखवल्या. चार वर्षांत त्यानं लोकांच्या तेवीस पोकळ वस्तू बुजवल्या होत्या आणि एकही विसरला नव्हता.

शाळेत मुख्याध्यापिकाबाईंसमोर तो विद्यार्थ्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, हा झोपाळा रंगवताना माझ्याकडून चूक झाली आहे." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, मग आता काय करायचं? "दुरुस्त करायला आलोय," तो म्हणाला. वर्ग चालू होते, मैदान रिकामं होतं. त्यानं झोपाळ्याच्या पायाला तळाशी ड्रिल लावलं. ड्रिलचं टोक आत गेलं आणि लाल पाण्याची धार त्याच्या चपलेवर पडली. चारही पायांतून मिळून बादलीभर निघालं असेल. आदल्याच दिवशी मी वेल्डरला पाठवून पाय ठोकून बघायला लावले होते. पत्रा अजून जाड होता, धोका नव्हता. मामाला हे मी सांगितलं तेव्हा त्यानं ड्रिल खाली ठेवलं. आणखी दोन-तीन वर्षं गेली असती तर, एवढंच म्हणाला.

पुढचा आठवडाभर आम्ही दारोदार हिंडलो. डॉक्टरीणबाईंच्या फाटकातून पाणी निघालं, कोपऱ्यावरच्या बाकातून निघालं. शिवणकाम करणाऱ्या आजींच्या बागेतल्या खुर्च्या ठणठणीत कोरड्या होत्या. त्यांनी एवढ्या लांब आलाच आहात तर आता या खुर्च्यांना निळा रंग द्या म्हणून हट्ट धरला. तेवीसपैकी नऊ वस्तूंत पाणी होतं. प्रत्येक दारात मामा तेच पहिलं वाक्य म्हणायचा, न अडखळता. बहुतेक लोक अवघडायचे, चालायचंच म्हणायचे. एक निवृत्त साहेब मात्र खवळले. भर अंगणात मामाची खरडपट्टी काढली, म्हणाले, या वयात झेपत नाही तर लोकांच्या जिवाशी खेळता कशाला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण मामानं मला हातानं मागं सारलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फाटकाचा दुसरा खांब राहिलाय, तेवढा करू का?" साहेबांनी तेवढा करू दिला आणि पुन्हा बोलावलं नाही. त्यांचं फाटक हल्ली दुसराच कुणी रंगवतो. तिथून जाताना मामा मला गाडी हळू करायला लावतो आणि खालची पट्टी बघतो.

त्या आठवड्यात गाडीत तो मामीबद्दल बोलला, चार वर्षांत पहिल्यांदा. मामी म्हणे थिनरच्या वासाला इतकी वैतागली होती की त्याचे कामाचे कपडे काठीनं उचलायची. मी हसले, तोही हसला. मग कितीतरी वेळ तो खिडकीबाहेर बघत तिच्याच गोष्टी सांगत राहिला आणि मी मुद्दाम लांबचा रस्ता धरला.

तेवीस वस्तू झाल्यावर मामानं वाळलेले ब्रश फेकून नवे आणले आणि नव्या ट्रेलरसमोर मांडी घालून बसला. भोकं उघडी ठेवून रंग कसा मारायचा? ब्रश लागला की रंग भोकात ओघळतो आणि त्याचा पडदा धरतो. आईनं रोपांना आधार द्यायच्या बांबूच्या बारीक काड्या ठेवल्या होत्या. मामानं त्यातल्या सात तोडल्या, त्यांना ग्रीस फासलं आणि भोकात एकेक खोचली. मग प्रायमर, मग हिरव्या रंगाचे दोन हात. चार दिवस आमचा ट्रेलर पोटाखाली सात काड्या लोंबवत उभा होता. येणारं गिऱ्हाईक विचारायचं, हे काय? आई सांगायची, आमच्या धाकट्या भावाची नवी पद्धत आहे. तिनं तोवर मला माफ केलं होतं, म्हणजे भाजीत मीठ जास्त पडलं की पुन्हा मलाच बोलायला लागली होती.

रंग वाळला. मामानं काड्या उपटल्या, हातात पाण्याचा मग घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "खाली जा," म्हणाला. मला आधी कळलंच नाही. चार वर्षं ज्यानं आपल्या कामाला कुणाला डोळा लावू दिला नव्हता, तो मला तपासायला सांगत होता. मी जुनी चादर अंथरली आणि ट्रेलरखाली उताणी सरकले. आई पुढच्या चाकापाशी उभी होती, मला तिच्या साडीचा काठ दिसत होता. मामानं वरून बोल्टांच्या भोकांतून सावकाश पाणी ओतायला सुरुवात केली. पाइपाच्या आत ते पळाल्याचा आवाज आला. पहिल्या भोकातून थेंब आला, मग धार. मग दुसऱ्यातून, तिसऱ्यातून.

"येतंय का?" मामानं विचारलं.

"येतंय."

"सातही?"

मी मोजलं. पुन्हा मोजलं. मागचं उजवीकडचं भोक कोरडं होतं. काडीच्या आतल्या बाजूनं रंगाचा पापुद्रा धरला असणार. आईचा काठ हलला. ती खाली वाकून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला कळलं. सात म्हण. तार घालून मागाहून काढता येईल, त्याला कशाला सांगायचं. एक क्षणभर माझ्याही जिभेवर सातच आलं.

"सहा," मी म्हटलं. "मागचं उजवीकडचं बंद आहे."

 वर पाण्याचा मग खाली ठेवल्याचा आवाज आला, मामाच्या चपला खोलीकडे गेल्या, आणि आईनं डोळे मिटून घेतले. मी तिथंच पडून राहिले, अंगावर पाणी ठिबकत होतं. पण चपला परत आल्या. चाकाच्या बाजूनं मामाचा हात आत आला, त्यात तारेचा तुकडा होता.

"घे, तूच मोकळं कर," तो म्हणाला. "माझी मान आता तितकी वळत नाही."

मी तार घातली, एकदा फिरवली, आणि साठलेलं सगळं पाणी माझ्या तोंडावर आलं. मी खोकले, आई हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मामानं पुन्हा मग उचलला होता.

"आता मोज," तो वरून म्हणाला.